केसरीनाथ तरेंची टोपी

१

अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी एकच कल्लोळ केला आणि उन्नती नवऱ्याचा हात धरून वडिलांच्या पाया पडायला वळली. वडील म्हणजे वडिलांची टोपी. अंजूरचे केसरीनाथ तरे जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून स्टेजवर वधूपित्याच्या खुर्चीत पितळी ताट ठेवलं होतं. ताटात सुपारी आणि सुपारीशेजारी त्यांची पांढरी टोपी. उन्नती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

ताटात सुपारी होती. टोपी नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "बाबा कुठं गेले?"

हितेशने खुर्चीखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, फुलांच्या कमानीमागे पाहिलं. बाजारात अशा टोप्या ढिगाने मिळतात, हे त्यालाही ठाऊक होतं. पण केसरीनाथांनी शेतीच्या जोडीला भिवंडीत लूम घेतले, तेव्हा पहिल्या ताग्यातलं हातभर कापड मागून घेऊन त्यांनी ही टोपी शिवली होती. कापड जाडंभरडं, आतल्या घडीला ताग्याच्या काठाचा हिरवा दोरा. पुढे लूम भंगारात गेले, शेताच्या जागी गोदाम आलं, टोपी तेवढी राहिली. उन्नतीची आई ती लहान असतानाच गेली होती. या टोपीवाल्या बापानंच तिच्या वेण्या घातल्या होत्या. बापाच्या तेलाचा वास जाईल म्हणून तिने वर्षभर ती टोपी धुतली नव्हती. लग्नासाठी मात्र मन घट्ट करून धुतली, नीळ दिली, खळ लावून कडक इस्त्री केली. बाप लेकीच्या लग्नाला नीटनेटका यायला हवा ना!

हितेशचं डोकं फिरलं. वडप्याच्या हायवेवरचं भलंमोठं लॉन, हजारभर माणूस, पुढच्या रांगेत गणेशपुरीचे व्याही, आणि यांच्या घरची टोपी यांच्याच स्टेजवरून नाहीशी! त्याने निवेदकाच्या हातातला माइक ओढला.

"माझ्या वडलांची टोपी चोरीला गेलीय," तो गरजला. "कोणी लॉन सोडून जायचं नाय!"

जेवणाच्या रांगेतली माणसं ताटं हातात धरून वळून बघायला लागली. आणि त्याच वेळी हितेशला फाटकाकडे निघालेला नवशाकाका दिसला. डोक्यावर मानाची कोरी टोपी, खांद्यावर मानाचा नवा टॉवेल, हातात फुगलेली कापडी पिशवी.

केसरीनाथांबरोबर जन्मभर भाताच्या खाचरात वाकलेला हा म्हातारा खाडीच्या बांधावर राहायचा. गोदामाची भिंत उठली तेव्हा त्याची पायवाट बंद झाली, आणि तेव्हापासून त्याने हितेशच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. राग धरून बसलेला माणूस, थोड्या वेळापूर्वीच स्टेजवर खुर्चीपाशी उभा असलेला. हितेशला आणखी पुरावा नको होता.

"काका, पिशवी दाखवा," तो माइकवरच म्हणाला.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, व्याह्यांच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि मिटलं. पिशवी त्याने स्वतःच पुढे केली. हितेशने ती टेबलावर उलटी केली. मानाचा नारळ गडगडला. मागोमाग एक मळकी, जुनी टोपी पडली. हितेशने झडप घालून ती उलगडली. हिरवा दोरा नव्हता, ती म्हाताऱ्याची रोजची टोपी होती. शेवटी निघाली कागदात बांधलेली जिलबी. कागद फुटला, पाक टेबलावर पसरला आणि कोणीतरी फिसकन हसलं.

नवशाकाकाने जिलब्या एकेक करून उचलल्या, परत कागदात ठेवल्या आणि तो निघून गेला.

पाठवणीला उन्नती रडली नाही. गाडीत बसताना भावाला एवढंच म्हणाली, "परवा पूजेला येईन तेव्हा बाबांची टोपी माझ्या हातात दे. नसली तर माझं माहेर त्या टोपीबरोबरच गेलं असं मी समजेन."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेश भिवंडीच्या निजामपुऱ्यात खदीजा फक्की यांच्या दारात उभा राहिला. मराठी शाळेच्या या निवृत्त मुख्याध्यापिका. हितेश आणि उन्नती दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि केसरीनाथांचे लूम त्यांच्या वडिलांच्याच शेडमध्ये लागलेले. शाळेत काही हरवलं की बाई छडी कधी उचलत नसत. फक्त प्रश्न विचारत. तिसऱ्या प्रश्नाला चोर रडायला लागे.

"मी अक्षता पडण्याआधीच निघाले, गावात एक निकाह होता," बाई चहा ओतत म्हणाल्या. शेजारच्या शेडमधल्या लूमची खडखड चालू होती, त्यामुळे त्या नेहमीसारख्या मोठ्याने बोलत होत्या. "मी होते तोवर टोपी ताटात होती. सत्कार सुरू झाले तेव्हाही होती. पुढे?"

हितेशने सगळं सांगितलं. पिशवीची गोष्ट त्याने भरभर उरकली. जिलबीचा उल्लेख टाळला.

"पिशवीत काय काय निघालं?" बाईंनी विचारलं.

"नारळ. त्याची जुनी टोपी."

"आणखी?"

हितेश कपाकडे बघत म्हणाला, "जिलबी."

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि ओढणी डोक्यावर घेतली. "चल अंजूरला. आणि गाडीत गप्प बस. तू बोलायला लागलास की खरं काय नि खोटं काय, दोन्ही जोरातच बोलतोस."

दुपारी तरेंच्या घरी उद्याच्या सत्यनारायणाची तयारी चालली होती. ओटीवर हितेशचा चुलता मनोज तंबाखू मळत बसला होता. वधूपित्याच्या खुर्चीत चुलत्याने बसावं अशी त्याची अपेक्षा होती. उन्नतीने तिथे टोपी ठेवली तेव्हापासून त्याचं नाक फुगलेलं.

"माझ्यावर संशय हाय का, बाई?" त्याने सरळच विचारलं.

"हाय ना," बाई हसून म्हणाल्या. "म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

"मग ऐका. मी स्टेजवर चढलोच न्हाय. राग होता, खोटं कशाला बोलू? खाली बसून बघत होतो सगळा. मोठमोठी माणसं मान घेऊन उतरली, टोपी खिशात कोंबून जेवायला पळाली. एकटा नवशा मान घेऊन रडत उतरला. टॉवेल-टोपीला कोन रडतो का?"

बाईंनी मान हलवली. "रडत होता? नक्की?"

"टॉवेलानं डोले पुसत होता. तेव्हाच म्हटला, म्हाताऱ्यानं कायतरी केलाय."

हितेशने विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिलं. बाई मात्र आतल्या खोलीकडे निघाल्या होत्या.

३

आत हितेशची बायको रीमा लग्नाचं उरलेलं सामान आवरत होती. टोपी स्टेजवर ठेवायला तिचा विरोध होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एवढं महागाचं डेकोरेशन आणि मधोमध टोपी, फोटोत कसं दिसेल, असं ती म्हणाली होती. टोपी गेल्यापासून ती मान खाली घालूनच वावरत होती.

"बाई, मी बोलले ते बोलले," ती हळूच म्हणाली. "पण सासऱ्यांच्या टोपीला मी हात लावला नाही. मी यांच्याजवळ मानाचं ताट धरून उभी होते. टॉवेल, टोपी, नारळ मी द्यायचे आणि हे घालायचे."

"सगळ्या सत्कारांना?"

"शेवटचा सोडून. नावं वाढतच गेली हो. गोदामवाले, माजी सरपंच, त्यांचे पाहुणे. टोप्या संपल्या. टॉवेल-नारळाचं ताट मी तिवईवर ठेवलं आणि नवीन पुडकं आणायला आत गेले. आणून बघते तर शेवटचा मान उरकून गेलेला. मग ते पुडकं तसंच परत ठेवलं."

"तिवई कुठे होती?"

"बाबांच्या खुर्चीला लागूनच."

"आणि पुडकं?"

रीमाने खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. पांढऱ्या टोप्यांचं पुडकं तिथे पडलं होतं. वरची सुतळी दुकानदाराने बांधली तशीच, गाठ न सुटलेली. बाईंनी ते हातात घेऊन गाठ चाचपली.

अंगणात सागर आंब्याच्या झाडावर भोंगा चढवत होता. मंडप, माइक, निवेदन हे सगळं त्या एकट्याचंच. हाक मारल्यावर तो खाली उतरला.

"शेवटचं नाव कोणाचं पुकारलंस?"

"नवशाकाकांचं. नवरीताईंनी हळूच सांगितलं होतं मला, बाबा असते तर पहिला मान त्यांना दिला असता, विसरू नको म्हणून. पण पहिली नावं सगळी व्हीआयपी लोकांची, मग त्यांचं शेवटी घेतलं."

"व्हिडिओ असेल ना त्याचा?"

सागर कसनुसा हसला. "त्याच टायमाला गेटवर गोदामाच्या शेटची गाडी आली, बाई. कॅमेरा तिकडं, लायटी तिकडं, बँडपण तिकडंच वळला. नवशाकाकांच्या मानाचं कुठंच काय नाय."

"आणि हितेश कुठे बघत होता?"

सागरने हितेशकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला लागला. "दादा पण... गेटकडंच."

बाई पायरीवर बसल्या. हितेशला त्यांनी समोर उभं केलं, अगदी वर्गात करायच्या तसं.

"तीन प्रश्न," त्या म्हणाल्या. "नवशाची रोजची टोपी पिशवीत होती. मग लॉनमधून निघताना त्याच्या डोक्यावर कुठली टोपी होती?"

"मानाची. कोरी होती, सगळ्यांनी बघितली."

"मानाच्या टोप्या तर संपल्या होत्या. रीमाने आणलेल्या पुडक्याची सुतळीही सुटलेली नाही. मग ती कोरी टोपी आली कुठून?"

उन्नतीने टोपी किती पांढरी शुभ्र केली होती ते हितेशला आठवलं. खळ, नीळ, कडक इस्त्री. तिवई खुर्चीला लागून होती. आपण मागे हात घातला होता, हाताला कडक कापड लागलं होतं...

"तिसरा," बाई म्हणाल्या. "टोपी घातलीस तेव्हा नवशाचा चेहरा कसा होता?"

हितेशला तो चेहरा आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना, कारण त्याने तो पाहिलाच नव्हता. त्याला आठवत होती ती शेटची गाडी आणि आपण हसत हसत तिला केलेला नमस्कार. एक हात नमस्काराला, दुसरा हात मागच्या मागे कुठल्याशा म्हाताऱ्याच्या डोक्यावर.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "पिशवी उपसलीस, त्याच्या डोक्याकडे कोणी बघितलं नाही. मान देणारा यजमान, त्याने घातलेल्या टोपीवर कोण संशय घेणार?"

हितेश पायरीवर बसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आपण हजार माणसांत ज्याला चोर ठरवलं, त्याच्या डोक्यावर चोरीचा माल आपणच आपल्या हाताने ठेवला होता.

"पण बाई," तो म्हणाला, "त्याला तर कळलं असेल ना? तो बोलला का नाही?"

"ते मला इथे बसून सांगता येत नाही," बाई उठल्या. "ते त्यालाच विचारायला हवं."

४

गोदामाच्या भिंतीला वळसा घालून बांधावर पोचेपर्यंत हितेशचे बूट चिखलाने माखले. ही वाट पूर्वी सरळ होती. भिंत त्यानेच घालू दिली होती.

नवशाकाका झोपडीबाहेर जाळं दुरुस्त करत होता. डोकं उघडं. हितेशला बघून तो उठला, आत गेला आणि मानाच्या टॉवेलात गुंडाळलेली टोपी घेऊन आला.

"ने," तो म्हणाला. "मी संध्याकाली आनूनच देनार होतू. पन दिवसाउजेडी गावातून यायला लाज वाटली."

लाज याला वाटली! हितेशने टॉवेल उघडला. आतल्या घडीला हिरवा दोरा होता. त्याने मान वर केली नाही.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"घातलीस तवाच. हात लावला तं कापड कलला. तुझे बापाचे लूमवरून ह्या कापडाची गाठोडी म्या डोकीवर वायली हायत." म्हातारा जाळ्याकडे बघत बोलत होता. "मना वाटला, पोऱ्यानं बापाची टोपी मना दिली. बाप सांगून गेला आसंल. डोल्यात पानी आला माझे. मंग तू भोंग्यावर बोललास, चोरी झाली. तवा समजला, तू दिली न्हवतीस. नुसती डोकीवर पडली माझे."

"मग सांगितलं का नाही? तिथल्या तिथे काढून दिली असती तर..."

"आन काय सांगू? गनेसपुरीची मानसा बसलेली समोर. नवरीच्या भावानं बापाची टोपी सवताच वाटून टाकली, असा सांगू? तुला हसली असती सगली. पोरीला सासरी जन्मभर आयकवला असता." तो जरासा हसला. "मना हसली तं हसली. मी काय वरमाय हाय?"

खदीजाबाई दुसरीकडे तोंड करून खाडीकडे बघत राहिल्या. हितेश म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकला. नवशाकाकाने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"उद्या पूजेला या, काका."

"नको रं. पोरीनं बोलावला म्हनून एकदा आलू. जिलबी माझे नातीला आवडते, तेवढी बांधून घेतली व्हती." तो परत जाळं घेऊन बसला. "परत नको."

गाडीत हितेश एवढंच म्हणाला, "मी माफी मागितली, बाई. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकली. बांधावर मी होते आणि बगळे होते," बाई म्हणाल्या. "चोर म्हणालास माइकवर, माफी मागितलीस बांधावर. हिशोब तूच बघ."

५

पूजेला सगळं गाव लोटलं. आंब्यावरच्या भोंग्यातून पोथी ऐकू येत होती. गणेशपुरीहून व्याही आले, जावई सार्थक आला, हिरव्या शालूतली उन्नती आली. उंबरठ्यातच तिने भावाच्या हाताकडे पाहिलं.

त्याआधी मनोजकाकाने हितेशला कोपऱ्यात घेऊन समजावलं होतं. "सोफ्याखाली सापडली म्हन. व्याह्यांसमोर तमाशा कशाला? नवशाला घरी बोलावून एक धोतरजोडी दिली की झाला. लोक चार दिसांत विसरतात." रीमाही म्हणाली होती, "अहो, उन्नतीच्या संसाराचा पहिला आठवडा आहे." दोघांचंही बोलणं पटण्यासारखं होतं. हितेशला ते रात्रीपासून पटतही होतं. आपलंच मन अशा वेळी किती शहाण्यासारखं बोलतं, याची त्याला नव्याने ओळख झाली होती.

त्याने टोपी उन्नतीच्या हातात दिली. तिने आतली घडी उघडून दोरा पाहिला आणि टोपी छातीशी धरली. तिचा चेहरा इतका उजळला की हितेशला वाटलं, बस्स, इथेच थांबावं.

"कुठं सापडली, दादा?"

व्याही हसतमुखाने ऐकत होते. मनोजकाका डोळ्यांनी खुणावत होता. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि हितेशकडे मुळीच बघत नव्हत्या.

"सो..." हितेश म्हणाला आणि थांबला.

मग तो भटजींजवळ गेला आणि त्यांच्यासमोरचा माइक त्याने उचलला. 

"परवा लग्नात मी चोर पकडायला निघालो होतो," तो म्हणाला. आवाज आंब्यावरून बाहेर पडून सगळ्या शिवारावर गेला. "नवशाकाकांची पिशवी मी सगळ्यांसमोर उलटी केली. टोपी पिशवीत नव्हती, त्यांच्या डोक्यावर होती. आणि ती मीच घातली होती. मान देताना मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, गेटवर शेटची गाडी आलेली, मी तिकडं नमस्कार करत होतो. काकांना सगळं माहीत होतं. माझी लाज जाऊ नये म्हणून ते चोर होऊन गेले. ते चोर नाहीत. ज्याने ज्याने परवा ऐकलं, त्याने त्याने हे पण ऐकावं."

माइक खाली ठेवताना ठक्क आवाज झाला. व्याही पानाचा विडा हातात धरून जमिनीकडे बघत राहिले. मनोजकाकाने कपाळावर हात मारला. हितेशचे कान तापले होते. परवा याच लोकांसमोर आपण केवढ्या तोऱ्यात बोललो होतो, ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं.

उन्नती जवळ आली. "काका कुठं हायत?"

"नाही आले. मी बोलावलं होतं."

"तू बोलावल्यावर कसे येतील?" ती म्हणाली. तिने प्रसादाच्या ताटातला शिरा द्रोणात घेतला, टोपी पदराखाली धरली आणि पायात चपला घातल्या. सार्थक उठायला लागला तशी तिने त्याला खुणेनंच बसवलं. हितेशही निघाला. "तू थांब," ती म्हणाली. "पाहुण्यांना पाणी दे."

हितेशने पाणी दिलं. एकेका पाहुण्यासमोर वाकून पेला पुढे करायचा, तो घेईपर्यंत थांबायचं, पुढे सरकायचं. काहींनी निमूटपणे घेतला, काहींनी नको म्हटलं. व्याह्यांनी घेतला आणि पिऊन झाल्यावर रिकामा पेला परत देताना क्षणभर त्याचा हात धरून ठेवला. तेवढंच.

पोथी संपली, आरती झाली, तेव्हा कुठे उन्नती भिंतीच्या वळणावर दिसली. एकटीच येत होती. शालूचे काठ चिखलाने भरले होते. हात मोकळे होते.

"टोपी?" हितेशने विचारलं.

"त्यांना दिली. आता कोणी चुकून नाही दिली, मी बघून दिली."

"पण तुला ती..."

"मला हवी होती, दादा. अजून हवी हाय." तिचे डोळे भरून आले. तिने ते हाताच्या पाठीने पुसले. "घ्यायला तयारच नव्हते. मग म्हटलं, नाय घेतली तर मी इथंच बसून राहीन, शालू खराब होईल. तेव्हा घेतली."

"काय म्हणाले? माझ्याबद्दल?"

उन्नतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागही होता त्या नजरेत, आणि बाकीचंही काही होतं.

"म्हणाले, आयकला म्हनाव. पार खाडीपर्यंत आयकू आला. आता तो भोंगा बंद कर, माझे बगले उडून गेले."

हितेश भोंग्याचं मशीन बंद करायला गेला. बटण समोरच होतं, पण त्याला ते बराच वेळ सापडलं नाही.